घोड्यांच्या कुंडल्या आणि जिंकलेली डर्बी: एका फॉरवर्डचा पंचनामा

एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत येतो. त्याचा गोषवारा असा: आयर्लंडमधल्या एका पिढीजात लॉर्डने आपल्या स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांची पैदास करण्याच्या जागी, जन्मलेल्या प्रत्येक शिंगराची कुंडली मांडली. वाईट कुंडलीची शिंगरे विकली, चांगली ठेवली. ग्रहताऱ्यांचा प्रकाश पडावा म्हणून तबेल्यांच्या छपरांना काचा बसवल्या. त्या जोरावर त्याने इंग्लंडच्या राजाला डर्बी ही घोड्यांची मानाची शर्यत जिंकून दिली, आणि हा चमत्कार पाहून ब्रिटिश सरकारने ते फार्म ताब्यात घेतले. खाली ठळक अक्षरांत: 'गोऱ्यांना पटले, आपल्याला कधी पटणार?'

माणूस खरा आहे. विल्यम हॉल वॉकर, पुढे लॉर्ड वेव्हरट्री. फार्मही खरे: किल्डेअर परगण्यातले तुली, जिथे आज आयरिश नॅशनल स्टड आहे. कुंडल्या खऱ्या, काचांची छपरेही खरी. म्हणूनच हा फॉरवर्ड निव्वळ थाप म्हणून झटकता येत नाही.

आधी ते 'पिढीजात'. वॉकरचे वडील लिव्हरपूलचे बडे बिअर उत्पादक, तिथल्या प्रसिद्ध वॉकर आर्ट गॅलरीचे देणगीदार. वॉकरला स्वतःला लॉर्ड ही पदवी मिळाली १९१९ मध्ये, तुली सरकारला देऊन झाल्यावर. ही बारीकसारीक चूक म्हणून सोडून दिली असती, पण फॉरवर्डमधून नेमकी गाळलेली गोष्ट इथेच सापडते. ती म्हणजे पैसा. १९०० मध्ये तुली विकत घेताना वॉकरने जागा कुंडलीवरून निवडली नव्हती. शर्यतींसाठी नावाजलेले ‘करा’ (Curragh) मैदान जवळ, जमीन चुनखडीची, पाण्यात कॅल्शियम भरपूर. वाढत्या शिंगराच्या हाडांना याहून चांगले काय हवे?

आता घोड्या पाहा. तुलीत ब्लॅक चेरी नावाची एक घोडी होती. तिची मुलगी चेरी लास १९०५ मध्ये वन थाउजंड गिनीज आणि ओक्स या दोन्ही मोठ्या शर्यती जिंकली. दुसऱ्या मुलीचा मुलगा नाइट हॉक १९१३ ची सेंट लेजर जिंकला. तिसरी मुलगी ब्लांश, तिच्या मुलाकडे शेवटी येतो. जन्मवेळा वेगळ्या, वर्षे वेगळी, ग्रहस्थिती वेगळी. समान धागा एकच, आईचे घराणे. घोड्यांची पैदास करणारा कोणीही तुम्हाला हेच सांगेल, आणि त्यासाठी त्याला पंचांग उघडावे लागणार नाही.

काचेच्या छपरांचा मुद्दा मला सगळ्यात गमतीचा वाटतो. चंद्र आणि तारे त्या छपरांमधून जिंकणाऱ्या घोड्यांवर चमकले, तसेच हरणाऱ्यांवरही चमकले. कुठल्याही स्टडमध्ये हरणारेच जास्त असतात. त्यांची नावे फॉरवर्डमध्ये येत नाहीत, एवढेच.

डर्बीचे म्हणाल तर घोड्याचे नाव मिनोरू. तुलीत जपानी बाग उभारणाऱ्या तासा एइदा या माळ्याच्या मुलाचे नाव त्याला दिले होते. वॉकरने १९०७ मध्ये राजा सातव्या एडवर्डला सहा शिंगरे भाड्याने दिली, त्यांतला हा एक. बाकी पाच कुणाच्या लक्षात आहेत? १९०९ च्या डर्बीत सर्वाधिक पसंती होती अमेरिकन घोडा सर मार्टिनवर. तो धडपडला आणि जॉकी खाली पडला. पुढे मिनोरू लुव्हिएर या घोड्यापेक्षा डोक्याहूनही कमी अंतराने पुढे राहिला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, हे आपल्याकडे काय उगाच म्हणतात?

आणि 'वाईट कुंडलीची विकली, चांगली ठेवली' यावर एक साधा प्रश्न. प्रिन्स पॅलाटाइन हा वॉकरच्याच पैदाशीचा घोडा. त्याने तो थॉमस पिल्किंग्टन यांना विकला. पिल्किंग्टन यांच्याकडे त्याने १९११ ची सेंट लेजर जिंकली, मग १९१२ आणि १९१३ असा लागोपाठ दोनदा अॅस्कॉट गोल्ड कप. वॉकरच्या पैदाशीत याच्या तोडीचे घोडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कुंडली वाईट निघाली म्हणून तो विकला असेल, तर कुंडली साफ चुकली. कुंडली चांगली असूनही विकला असेल, तर खुद्द मालकाचाच तिच्यावर भरवसा नव्हता. यातले काय पत्करायचे ते फॉरवर्ड पाठवणाऱ्याने ठरवावे.

थोडे ज्योतिष त्यांच्याच भाषेत. रेसची शिंगरे वर्षभर जन्मत नाहीत. वय १ जानेवारीपासून मोजले जाते, म्हणून बहुतेक जन्म फेब्रुवारी ते मे या काळात आणले जातात. शनी एका राशीत अडीच वर्षे, गुरू साधारण वर्षभर. म्हणजे एका वर्षीची सगळी शिंगरे जवळपास तोच शनी आणि तोच गुरू घेऊन येतात. डर्बी फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची, तेव्हा पहिला येणारा आणि शेवटचा येणारा दोघेही त्यातलेच. शिवाय त्या काळचे युरोपी ज्योतिषी सायन (वसंतसंपातापासून मोजलेल्या) राशी धरत, आपले पंचांग निरयन (स्थिर ताऱ्यांवरून मोजलेल्या). दोन्हींत तेव्हा सुमारे साडेबावीस अंशांचा फरक होता, म्हणजे बहुतेक शिंगरांची रास बदलणार. वॉकरच्या कुंडल्या बरोबर मानल्या, तर 'आपल्याला कधी पटणार' म्हणणाऱ्यांची पत्रिका चुकीची ठरते. हे त्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

राहिला सरकारचा मुद्दा. साल १९१५, महायुद्ध ऐन भरात, सैन्याला चांगल्या घोड्यांची गरज. वॉकरने घोडे फुकट देऊ केले, जमीन मात्र सरकारने विकत घ्यावी अशी अट. सरकारने आधी टाळाटाळ केली. घोडे लिलावाला काढण्याची तयारी झाली, तेव्हा कुठे होकार आला. ताऱ्यांवर विश्वास बसलेले सरकार इतके घासाघीस करत नाही.

त्यानंतर तुलीची सूत्रे गेली हेन्री ग्रीर यांच्याकडे. गॅलिन्यूल हा पैदाशीसाठी नामवंत नर घोडा याच ग्रीरांचा, आणि वर सांगितलेल्या नाइट हॉकचा बाप. वॉकर गेल्यावर तुली ओसाड पडली का? १९३९ मध्ये तिथे जन्मलेले बिग गेम आणि सन चॅरिअट यांनी १९४२ मध्ये राजा सहाव्या जॉर्जच्या नावावर धावून इंग्लंडच्या पाच मानाच्या 'क्लासिक' शर्यतींपैकी चार जिंकल्या. माती तीच, पाणी तेच, मालक दुसरा.

आता ब्लांशचा मुलगा. १९१९ मध्ये तुलीतच जन्मला, नाव ब्लँडफर्ड. लहानपणी न्यूमोनियाने आजारी पडला, आणि स्टडने त्याला अवघ्या ७३० गिनींना (गिनी हे जुने ब्रिटिश नाणे) विकून टाकले. त्याच्या पोटी चार डर्बीविजेते निपजले: ट्रिगो, ब्लेनहाइम, विंडसर लॅड आणि बहराम.