भांडण नाही, पोर नाही, तरी वर्षभर दोन भाडी भरा!

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय, सल्ले नकोत प्लीज.

आम्ही दोघं अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात, मॉरिसव्हिलला. लग्न आठ वर्षांपूर्वी सांगलीत झालं. मूल नाही, घर घेतलं नाही, कुणी कुणावर हात उचलला नाही, बाहेर कुणाचं काही नाही. नाही जमलं, बस. एका रविवारी पोहे खाता खाता दोघांनीच ठरवलं की आता थांबूया. मला वाटलं, चला, सह्या करायच्या आणि मोकळं व्हायचं. कसलं काय! इथला कायदा म्हणतो आधी वर्षभर वेगळे राहा आणि मग घटस्फोटाचा अर्ज घेऊन या. आणि वेगळे म्हणजे वेगळ्या खोल्यांत नाही हां, वेगळ्या घरात. तो हॉलमध्ये सोफ्यावर, मी आत, चार महिने "दूध संपलंय" च्या पुढे शब्द नाही, हे सगळं हिशोबात शून्य. ज्या दिवशी एकजण बॅगा उचलून गेला त्या दिवसापासून मीटर चालू.

मग त्याने दुसरं अपार्टमेंट घेतलं. दीड हजार डॉलर त्याचे, दीड हजार माझे, दोन इंटरनेट, दोन लाइटबिलं. कुकर माझ्याकडे राहिला, मिक्सर त्याच्याकडे गेला, आणि गेले दहा महिने मी खोबऱ्याची चटणी खाल्लेली नाही कारण "कशाला नवीन घ्यायचा, वर्षाचाच तर प्रश्न आहे".

सगळ्यात जास्त कशाने जळतं सांगू? तीन वर्षांपूर्वी आम्ही टेक्सासला होतो, प्लेनोत. तिथे अर्ज केला की ६० दिवस थांबायचं, संपलं. त्याच्या प्रोजेक्टपायी इकडे आलो आणि ६० दिवसांचं वर्ष झालं. बरं, तासा-दीड तासावर व्हर्जिनिया, तिथे मूल नसेल आणि दोघांत लेखी करार असेल तर सहा महिने पुरतात, आणि एकाच घरात राहूनसुद्धा वेगळं राहणं धरतात! मग तिकडे जा की, असं म्हणाल, तर तिथे अर्ज करायला आधी सहा महिने त्या राज्यात राहिलेलं लागतं आणि माझा एचवनबी, नोकरीला बांधलेला व्हिसा, काय मी पर्समध्ये घालून नेऊ? देश एक, व्हिसा एक, आणि घटस्फोट मात्र तुम्ही हायवेच्या कुठल्या एक्झिटला उतरलात त्यावर.

जानेवारीत त्याच्याकडे पाइप फुटला, कार्पेट सगळं ओलं. बिचाऱ्याने विचारलं, चार दिवस सोफ्यावर झोपू का. मी वकिलाला मेल टाकला. उत्तर काय, तर पुन्हा नवरा-बायकोसारखे राहायला लागलात असं दिसलं तर वर्ष पहिल्यापासून मोजावं लागेल, कशाला रिस्क घेता. गेला मोटेलात. चार रात्रींचे पैसे मोटेलला आणि त्या तीन ओळींच्या मेलचे वकिलाला! वर हाच वकील सांगतो, वाटणी नाहीतर पोटगी मागायची असेल तर निकालाच्या आधीच दावा टाका, एकदा घटस्फोट झाला की हक्क गेला. म्हणजे ज्याला माहिती नाही तो बसला बोंबलत. (आणि याच राज्यात नवरा फितवला म्हणून तिसऱ्या बाईवर भरपाईचा दावा ठोकता येतो, अजूनही. कुणी सांगितलं असतं तर मला थाप वाटली असती.)

आई फोनवर म्हणते, "अगं मग इकडंच करून टाका की." भारतात पण संमतीच्या घटस्फोटाला हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ ब, वर्षभर वेगळं राहणं आहेच, वर अर्जानंतर सहा महिने थांबणं. पण निदान आपल्या सुप्रीम कोर्टाने १९९१ सालीच सांगून ठेवलंय की एका छताखाली राहूनही वेगळं राहता येतं, नवरा-बायको म्हणून राहत नाही एवढं पुरे. आणि २०१७ पासून ते सहा महिने माफही होऊ शकतात. सांगलीच्या कोर्टाला जे कळतं ते यांना कळत नाही!

बरं, इथला घटस्फोट तिकडे चालेल का? तर १९९१ चाच दुसरा निकाल, लग्न हिंदू विवाह कायद्याने झालंय तर परदेशातल्या कोर्टाने त्याच कायद्यातल्या कारणावर निकाल दिलेला हवा, नाहीतर दोघांची संमती तरी हवी. म्हणून तिकडचा वकील वेगळा. तो रुपयांत घेतो एवढंच सुख.

अजून दोन महिने राहिलेत. काल कॉम्प्लेक्सवाल्यांचं पत्र आलं, लीज रिन्यू करता की सोडता, ६० दिवसांत कळवा. वर्ष संपल्यावर नुसता अर्ज करता येतो, मग त्याला उत्तर द्यायला ३० दिवस, मग तारीख. म्हणजे लीज आधी संपणार आणि लग्न नंतर. केलं रिन्यू, काय करणार. मिक्सरची ऑर्डर पण टाकली.