निकाल अमलात आणायचा कोणी?

डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कुलगुरूंच्या निवडीत राज्य सरकारचा वाटा वाढवणारे आणि मंत्र्यांना प्र-कुलपतिपद देणारे विधेयक मंजूर केले. पुढच्या वर्षी नव्या सरकारने ते मागे घेतले. नेमणूक राज्यपालांच्या हाती असावी की मंत्र्यांच्या, यावरच तेव्हा सारा वाद झडला. इंग्लंडमध्ये शिकवताना मला दुसरा प्रश्न अधिक निकडीचा वाटतो: प्रमुखाविरुद्ध सहकाऱ्यांनी केलेली तक्रार ऐकायची कोणी आणि निकाल अमलात आणायचा कोणी?

रिचर्ड बेंटली १७०० मध्ये राजाज्ञेने केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे मास्टर, म्हणजे प्रमुख, झाले. ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या पाठचिकित्सेत त्यांच्या तोडीचे विद्वान युरोपात मोजकेच होते, आणि कॉलेजच्या महाद्वारावर वेधशाळा उभी राहिली त्यातही त्यांचा पुढाकार होता. मात्र स्वतःच्या निवासस्थानावर ते कॉलेजचा पैसा मनमानीने उधळतात आणि विरोधकांवर दडपण आणतात, अशी तक्रार फेलोंनी, म्हणजे कॉलेजच्या सदस्य-अध्यापकांनी, १७१० मध्ये ईलीच्या बिशपांकडे केली. सुनावणीचा अधिकार बिशपांचा की राजसत्तेचा, म्हणजे कॉलेजचा अभ्यागत (बाहेरून देखरेख करून तंटे सोडवणारा) कोण, याविषयी नियमच संदिग्ध असल्याने वर्षे गेली. १७१४ मध्ये सुनावणी झाली, तर निकालाआधीच बिशप मूर वारले. १७१८ मध्ये, एका वेगळ्या वादात, विद्यापीठाने बेंटलींच्या पदव्या काढून घेतल्या, पण बाजू मांडण्याची संधी न दिल्यामुळे न्यायालयाने त्या परत करायला लावल्या. नैसर्गिक न्यायाच्या चर्चेत भारतीय वकीलही हा खटला आजवर सांगत आले आहेत, आणि तो निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो.

खरी शोकांतिका पुढची आहे. १७३४ मध्ये नव्या बिशपांनी बेंटलींना पदच्युत करण्याचा निकाल दिला, पण नियमाप्रमाणे तो बजावायचा होता उपप्रमुखाने, आणि ते पद बेंटलींचे स्नेही रिचर्ड वॉकर यांच्याकडे होते. वॉकर यांनी तो बजावलाच नाही. बेंटली १७४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत पदावर राहिले.

इंग्लंडने १९८८ च्या कायद्याने अध्यापकांच्या नोकरीविषयक तंट्यांतील अशा पारंपरिक अभ्यागतांचा अधिकार काढला. महाराष्ट्रात परीक्षांचे निकाल रखडल्यानंतर २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरूंना राज्यपालांनी पदावरून दूर केले, परंतु तो साऱ्या राज्याच्या नजरेसमोर आलेला गोंधळ होता. नोकरीतून काढलेला शिक्षक न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतो. नोकरीत असतानाच वरिष्ठाच्या हिशेबावर बोट ठेवणाऱ्या अध्यापकाचे काय? चौकशी समितीची निवड आणि निकालाची अंमलबजावणी आरोपीच्या अखत्यारीबाहेर ठेवणारे, दोन्हींना मुदत घालणारे आणि आरोपीलाही बाजू मांडण्याचा हक्क देणारे कलम विद्यापीठ कायद्याच्या पुढच्या दुरुस्तीत आले पाहिजे.