पायांची आग आणि 21 दिवसांचा उपाय

‘मधुमेहाने तळपायांची आग होते? रोज रात्री कढत मीठपाण्यात पाय बुडवा, पहाटे गवतावर अनवाणी चाला, कारल्याचा रस घ्या आणि गोळ्या सोडा. 21 दिवसांत नसा पूर्ववत!’ हा मजकूर आमच्या घरच्या तीन ग्रुपांवर फिरला. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे, म्हणूनच मुद्द्यांना उत्तर द्यायला हवं.

आधी कढत पाणी. मधुमेहात नसांची इजा बहुधा पायाच्या बोटांपासून सुरू होते, कारण तिथवर जाणाऱ्या नसा सर्वांत लांब असतात. आग, मुंग्या, रात्री टोचणाऱ्या सुया आणि बधिरपणा हे सगळं एकाच पायात नांदतं. असा पाय भगभगतो, पण पाणी किती गरम आहे ते त्याला कळत नाही. माझ्या मावशीने असेच पाय शेकले. सकाळी चादर ओली दिसली तेव्हा टाचेवरचा फोड फुटल्याचं समजलं. दुखलं काहीच नव्हतं. जखम भरायला अडीच महिने गेले. पाणी कोमटच हवं, तेही कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाताने तपासून. नंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या.

अनवाणी चालताना काटा रुतला तरी पत्ता लागत नाही. चालणं मात्र खरोखर औषधासारखं आहे: आठवड्याला 150 मिनिटं, आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी साखर कमी चढते. पायात एमसीआरची (मऊ, सच्छिद्र रबराची), मागे पट्टा असलेली चप्पल हवी. जखम असेल तर खुर्चीत बसून व्यायाम करा.

गोळ्या सोडणं सर्वांत घातक. टाइप 1 (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही तो प्रकार) मधुमेहींवरच्या 1993 च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात साखर काटेकोर ठेवल्याने नसांचा त्रास सुमारे 60 टक्क्यांनी कमी झाला. टाइप 2 मध्ये, म्हणजे बहुतेकांना असतो त्या मधुमेहात, फायदा एवढा मोठा नाही; तिथे वजन, रक्तदाब, तंबाखू-मशेरी आणि दारू यांच्याकडेही तितकंच पाहावं लागतं. घाईही नको. साखर फार झपाट्याने खाली आणली तर काहींची आग उलट भडकते. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी वर्षानुवर्षं घेतल्याने बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, विशेषतः शाकाहारी माणसांत, आणि त्यानेही मुंग्या येतात. त्यासाठी गोळी सोडायची नसते, रक्त तपासायचं असतं. कारल्याची भाजी खुशाल खा. गोळ्यांच्या जोडीला रोज रस घ्यायचा असेल तर साखर अचानक उतरू शकते, डॉक्टरांना सांगा.

‘पण माझी आग खरंच थांबली’ असं सांगणारेही भेटतात. नस सावरली तरी आग थांबते, नस मेली तरीही थांबते. डॉक्टर तळव्याला 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू टेकवून पाहतात. तो जाणवतो का, यावरून पायातली संवेदना किती उरलीय ते कळतं. दोन मिनिटांचं काम आहे.

काका, मजकूर तुम्ही पाठवलात आणि तुमची आग गेल्या महिन्यात थांबलीय. रविवारी मी येतो, ही तपासणी करून येऊ.