विलंबमाफीच्या भरवशावर राहाल, तर लवादाच्या निवाड्याला आव्हानच देता येणार नाही

महामार्गात जमीन गेलेल्या शेतकऱ्यांच्या गटांत एक संदेश फिरतोय: 'लवादाचा निवाडा पटला नाही तरी घाई नको. विलंबमाफीचा अर्ज जोडला की कोर्ट वर्षभराचा उशीरही माफ करतं. प्रत घेतलीच नाही तर मुदत सुरू होत नाही. तालुक्याच्या कोर्टात किंवा थेट हायकोर्टात जा, रक्कम वाढवून मिळते.' यातलं एकच वाक्य अर्धं खरं आहे. बाकीच्यांवर विसंबलात, तर मोबदल्याचा दर बरोबर होता की चूक, हे कोणी ऐकूनच घेणार नाही.

आधी विलंबमाफी, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली जिल्हाधिकारी किंवा अपर आयुक्त लवाद म्हणून जो निवाडा देतात, त्याला १९९६ चा लवाद कायदा लागू होतो. त्याच्या कलम ३४ प्रमाणे निवाडा रद्द करण्याचा अर्ज करायची मुदत तीन महिने. सबळ कारण दाखवलं तर आणखी ३० दिवस, 'त्यानंतर नाही'. हे शेवटचे शब्द कायद्यातलेच आहेत. इतर दाव्यांत विलंबमाफी ज्या कलमाखाली मिळते, ते मुदत कायद्याचं कलम ५ इथे चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये पॉप्युलर कन्स्ट्रक्शन प्रकरणात सांगितलं. उशीर करणारं तिथे खुद्द केंद्र सरकार होतं. त्यालाही सवलत मिळाली नाही.

समजा, निवाडा ५ मार्चला हाती आला. तीन महिने ५ जूनला संपतात, वरचे ३० दिवस ५ जुलैला. ६ जुलैला घरातल्या आजारपणाचे कागद दाखवले तरी न्यायाधीशांना अधिकारच उरत नाही. सुट्टीचंही नीट समजून घ्या. तीन महिन्यांचा शेवटचा दिवस कोर्टाच्या सुट्टीत आला, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी अर्ज चालतो. वरच्या ३० दिवसांना ही सोय नाही. ते मे महिन्याच्या सुट्टीत संपणार असतील तर सुट्टीआधीच अर्ज दाखल झाला पाहिजे.

आता ते अर्धं खरं वाक्य. मुदत निवाड्याच्या तारखेपासून नव्हे, लवादाच्या सहीची प्रत पक्षकाराला मिळाल्यापासून मोजतात. दुसऱ्या बाजूने दिलेली झेरॉक्स पुरत नाही, हे २०११ मध्ये महाराष्ट्र सरकारच्याच एआरके बिल्डर्स प्रकरणात ठरलं. पण म्हणून पोस्टमनला परत पाठवू नका. तुमच्या पत्त्यावर रीतसर पोचलेला कागद कायदा मिळाला असंच धरतो. उलट प्रत घेताना सहीखाली तारीख घाला आणि पोस्टाच्या शिक्क्याचं पाकीट जपून ठेवा. पुढे वाद तारखेवरच होतो.

तालुक्याचं दिवाणी कोर्ट हा अर्ज ऐकूच शकत नाही. कायद्याला जिल्ह्याचं प्रमुख दिवाणी न्यायालय अभिप्रेत आहे, म्हणजे जिल्हा न्यायालय. मुंबई उच्च न्यायालयाचे मूळ दिवाणी अधिकार, म्हणजे दिवाणी प्रकरण थेट पहिल्यांदा ऐकण्याचे अधिकार, बृहन्मुंबईपुरतेच आहेत. नागपूर किंवा औरंगाबाद खंडपीठात कलम ३४ चा अर्ज थेट लावता येत नाही, आणि रिट, म्हणजे उच्च न्यायालयात थेट याचिका, केली तर बहुधा 'आधी तो मार्ग वापरा' हेच ऐकावं लागतं. चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे आणि तत्परतेने लढताना गेलेला काळ मुदतीतून वजा होऊ शकतो. पण त्यासाठी तो प्रामाणिकपणा तुम्हाला सिद्ध करावा लागतो.

रक्कम वाढवून मिळण्याबद्दल थोडक्यात. २०२१ मध्ये हकीम प्रकरणात, तेही महामार्गाच्याच जमिनींचं, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कलम ३४ खाली निवाडा रद्द होतो, बदलता येत नाही. २०२५ मध्ये घटनापीठाने बदलाची थोडी मुभा दिली, पण मर्यादित. दर नव्याने ठरवायला हे अपील नव्हे. म्हणून अर्जात 'दर कमी वाटतो' एवढंच लिहू नका. सुनावणी दिली नाही, दाखल केलेल्या खरेदीखतांचा विचारच केला नाही, असे मुद्दे लवादाच्या फाइलमधल्या कागदांसह मांडा.

संदेशात नसलेली एक गोष्टही सांगतो. निवाडा तुमच्या बाजूने लागला आणि महामार्ग प्राधिकरणाने आव्हान दिलं, तर नुसत्या अर्जाने पैसे अडत नाहीत. २०१५ च्या दुरुस्तीपासून स्थगितीचा वेगळा आदेश घ्यावा लागतो. आव्हानाची मुदत संपली आणि तसा आदेश नसेल, तर दरखास्त, म्हणजे निवाड्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करा.