महागाईचा त्रास नको असेल तर आधी छापखाना बघून जन्म घ्या

महागाई वाढली की लोक सल्ले देतात, बाहेरचं खाणं कमी करा, एसआयपी वाढवा वगैरे. हे सगळं नंतरचं हो. खरी काळजी जन्माला येतानाच घ्यायची असते, ती म्हणजे डॉलर जिथे छापतात तिथेच जन्म घ्यायचा. आता तुम्ही ठाण्याच्या कोपरीत नाहीतर ऐरोलीत जन्मलात, त्याला कोण काय करणार.

२०२२ मध्ये अमेरिकेत महागाई ९.१ टक्क्यांवर गेली. आजार त्यांचा, पण काढा सगळ्या जगाला. फेडने, म्हणजे त्यांच्या रिझर्व्ह बँकेने, व्याजदर जवळपास शून्यावरून दीडेक वर्षात सव्वापाच-साडेपाचवर नेले, पैसा तिकडे पळाला, आणि २०२२ च्या सुरुवातीला डॉलरमागे ७४ च्या आसपास असलेला आपला रुपया ऑक्टोबरात ८३ च्या पार गेला, त्यात युक्रेन युद्धाने तेल आधीच भडकलेलं, मग इकडे रिझर्व्ह बँकेचा रेपोही, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, २०२३ पर्यंत ४ वरून साडेसहा. १९७१ मध्ये निक्सनचे अर्थमंत्री जॉन कॉनली बाकीच्या देशांच्या मंत्र्यांना तोंडावर म्हणाले होते की डॉलर आमचं चलन आहे, पण प्रॉब्लेम तुमचा. इतकं स्वच्छ बोलणारा बिल्डर घोडबंदर रोडला शोधून दाखवा!

बरं, जन्म चुकला तर निदान कर्ज तरी नीट काढा. म्हणजे कमी काढा असं नाही, भरपूर काढा, फक्त स्वतःच्या नोटेत काढा. जपान सरकारच्या डोक्यावर जीडीपीच्या दुपटीहून जास्त कर्ज आहे, पण ते येनमध्ये, त्यामुळे २०२४ मध्ये एका डॉलरला १६० येन झाले तरी कोणी दारात वसुलीला आलं नाही, उलट टोयोटासारख्यांचा परदेशातला नफा येनमध्ये मोजताना आणखी फुगला. श्रीलंकेचं कर्ज त्या मानाने कमी होतं, पण त्यातलं बरंचसं डॉलरमध्ये. २०२२ च्या मार्चमध्ये डॉलर २०० श्रीलंकन रुपयांना होता, मे महिन्यात ३६० च्या आसपास, मधल्या एप्रिलमध्ये त्यांनी हप्ते थांबवले आणि सप्टेंबरपर्यंत महागाई ७० टक्क्यांच्या घरात. डॉलर दोघांनाही एकच.

अगदीच हौस असेल तर तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांचा पॅटर्न करून बघा. व्याज वाढवल्याने महागाई वाढते असा त्यांचा सिद्धांत, म्हणून महागाई चढत असताना तिकडे व्याज उतरवत नेलं. ऑक्टोबर २०२२ ला महागाई ८५ टक्के. ज्यांच्याकडे घरं आणि सोनं होतं ते खूश होते म्हणे, पगारदारांना विचारू नका.

आपल्याकडेही नोटा छापतातच की, नाशिक रोडला, पण त्या घेऊन कच्चं तेल द्यायला फारसं कोणी तयार नसतं आणि आपण तर ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून आणतो. खायचं तेलही निम्म्याहून जास्त बाहेरचंच. त्यामुळे रुपया पडला की निर्यात वाढते असं टीव्हीवर कोणी सांगितलं तर बिनधास्त टाळ्या वाजवा, फक्त मग ऐरोलीच्या आयटी पार्कात जाऊन पेढे मागू नका. कंपनीला बिल डॉलरमध्ये मिळतं, पगार रुपयात होतो, आणि त्यात पोरगं टेक्सासला एमएस करत असेल तर फी परत डॉलरमध्ये. सुटलात.

जांभळी नाक्याला तेल घ्यायला जाल तेव्हा पिशवीच्या पुढच्या बाजूला बघायचं, सूर्यफूल हसतंय, पिशवी तेवढीच, भाव पण बरा. मागे कोपऱ्यात बारीक अक्षरात ८५० ग्रॅम लिहिलेलं असतं ते वाचायचं नाही. पूर्वीच्या लिटरला ९१० ग्रॅम असायचे हे तर दुकानदाराला अजिबात ऐकवायचं नाही, त्याच्या मागे लाइन असते. आणि डॉलर खाली आला की भाव उतरेल असं म्हणून थांबू नका, वडापाव खाली आलेला आजवर कुठे बघितलाय?

होमलोनचं मात्र सोप्पं आहे. रेपो वाढला की बँक तुम्हाला त्रास देत नाही, ईएमआय तेवढाच ठेवते आणि फक्त वर्षं वाढवते, साठीनंतर पण हप्ता चालू म्हणजे रिटायर झाल्यावर काय करायचं हा प्रश्नच मिटला. रेपो कमी झाल्यावर फोन करून विचारायचं असेल तर जेवून घ्या आधी.