व्हिडिओनेच कासला नेलं की!

मोबाईलवरच्या व्हिडिओंमुळे पोरं निसर्गापासून तुटली, हे लेखातलं म्हणणं काही पटलं नाही बुवा. आमच्या साताऱ्यात उलटंच झालं. पुतणीने कीटकभक्षी वनस्पतींचा व्हिडिओ दाखवला आणि म्हणाली, "काका, ही तर आपल्या कास पठारावर असते!" सीतेची आसवं नावाची वनस्पती हो. नखाएवढ्या जांभळ्या फुलांचे फोटो सगळेच काढतात (त्यासाठी फुलांत लोळणाऱ्यांविषयी न बोललेलं बरं). खरी गंमत खाली ओल्या मातीत. तिथे या वनस्पतीच्या बारीक पिशव्या असतात. पिशवीच्या दाराच्या केसाला सूक्ष्म जीव लागला की पापणी लवायच्या आधी आत खेचला जातो. जांभ्या खडकावरच्या मातीत नत्र कमी, म्हणून ही शिकार. आता घरच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगऐवजी दवबिंदू या दुसऱ्या कीटकभक्षी वनस्पतीच्या चिकट पानांचे व्हिडिओ येतात, आणि सगळ्यात जास्त फॉरवर्ड आमची आईच करते.