पहिलीची शाळा सगळ्यात शेवटी का उघडली?

पालकसभेत परत तेच ऐकून आले. "मुलांचा पाया कच्चा आहे, घरी जरा लक्ष देत जा." कोणत्या मुलांचा? जी आज सहावीत आहेत त्यांचा. यांची पहिली जून २०२० मध्ये सुरू झाली, तेव्हा करोनामुळे शाळेला कुलूप होतं! पाया घालायचा तेव्हा यांना फाटकाच्या आत घेतलं नाही, आणि आता जाब आम्हाला विचारताय? डोकं सणकलंय माझं.

पहिलीतल्या मुलाला बाई समोर लागतात. पेन्सिल कशी धरायची, अक्षर कुठून वळवायचं, पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे, हे बोट धरून गिरवून घ्यावं लागतं. 'च' आणि 'छ', 'न' आणि 'ण' हे बाईंच्या तोंडाकडे बघत बघत जिभेवर बसतं. हे सगळं मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर, आवाज तुटत असताना शिकवायचं ठरलं. ऑनलाइन शिकवण्यासाठी केंद्राने काढलेल्या 'प्रज्ञाता' सूचनांत पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे फार तर दोनच वर्ग घ्या असं म्हटलं होतं. आमच्या शाळेने सकाळभर वर्ग लावले, वर दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर गृहपाठ. रात्री जेवणं उरकून वहीचे फोटो काढायचे आणि ग्रुपवर टाकायचे. सहा वर्षांचं पोर डोळे चोळत "आई, संपलं का?" विचारायचं.

आणि माझ्या घरात निदान दोन फोन होते. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या घरी एकच, तोही दिवसभर नवऱ्याबरोबर साइटवर. त्यांच्या मुलीची पहिली झाली ती संध्याकाळी तो घरी आल्यावर, आणि तीही रिचार्ज मारलेला असेल त्या दिवशी. त्या पोरीलाही उद्या कोणीतरी ऐकवणार, पाया कच्चा आहे म्हणून.

करोना खोटा होता असं मी म्हणत नाही. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या गल्लीतली माणसं गेली आहेत, तेव्हा शाळा बंद होत्या ते बरोबरच होतं. माझा राग आहे तो आधी काय उघडलं आणि नंतर काय, यावर. ऑक्टोबर २०२० मध्ये हॉटेलं आणि बार उघडले. दुसऱ्या लाटेनंतर ७ ऑक्टोबर २०२१ ला देवळं उघडली, २२ ऑक्टोबरला थिएटरं. पहिली-दुसरीच्या मुलांना परवानगी १ डिसेंबरला, आणि आमच्या पुण्यात शाळा भरली १६ डिसेंबरला! जानेवारीत ओमायक्रॉन आला, तर शाळा परत बंद. हॉटेलं, मॉल, थिएटरं मात्र निम्म्या क्षमतेने चालूच. ज्यांना शिक्षक समोर असल्याशिवाय चालतच नाही, ती मुलं सरकारच्या यादीत शेवटची. कारण ती मोर्चा काढत नाहीत आणि त्यांची संघटना नाही.

शाळा उघडली तीसुद्धा धड नाही. सम हजेरी क्रमांक आज वर्गात, विषम घरी, उद्या उलट. बाई एक डोळा वर्गावर आणि एक स्टँडवरच्या मोबाइलवर ठेवून शिकवणार. वर्गातल्यांना मास्कमुळे बाईंचे ओठ दिसत नाहीत, घरातल्यांना फळा दिसत नाही. बाईंची त्यात काहीच चूक नव्हती. सोलापुरात नीलमनगरच्या शिक्षकांनी तर घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, मुलं रस्त्यात उभी राहून शिकली. शिक्षकांना वाट सुचत होती. वर बसलेल्यांना पीडीएफ सुचत होती. १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम काढला, मुलं मागे पडली ती भरून काढायला. तोही फोनवरच! ज्या फोनमुळे मुलं मागे पडली त्याच फोनवर!

तरी म्हणे घरी लक्ष द्या. मुलांना वाचता-लिहिता किती येतं ते घरोघरी जाऊन तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीत ग्रामीण भारतातली, दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतली मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के उरली. एवढी घसरण एखाद्या आईने लक्ष न दिल्याने होत नाही, शाळा नसल्याने होते.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? एप्रिल २०२१ मध्ये पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षेशिवाय वर ढकललं, कोणाला काय येतं ते न बघता. मग डिसेंबर २०२३ मध्ये नियम बदलला, पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा, पुनर्परीक्षेतही नापास झालं तर त्याच वर्गात. म्हणजे हीच मुलं पाचवीला पोचली तेव्हा त्यांच्या डोक्यावर नापासाची टांगती तलवार. मधल्या वर्षांत त्यांना शांतपणे बसवून वाचायला कोणी शिकवलं? आमच्या शाळेत कोणीच नाही. "पोर्शन संपवायचाय" हे उत्तर मी दरवर्षी ऐकलंय.

मला सल्ला नकोय. मला वेळापत्रकात रोज एक तास वाचन-लेखनाचा हवाय, शाळेत, शाळेच्या वेळेत, शिक्षकांसमोर, सहावी असली तरी. क्लासला घाला असं परत कोणी सांगू नका, फी आम्ही शाळेलाच भरतोय. वर्गातल्या पालकांच्या सह्या गोळा करतेय, या आठवड्यात मुख्याध्यापकांच्या हातात लेखी देणार आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही.